मिस्त्रीचा कान

बसा रे, बसा. लाइट काही इतक्यात येत नाही. आणि तो मोबाईलचा दिवा माझ्या डोळ्यांवर मारू नकोस, खिशात घाल आधी. भुताची गोष्ट पाहिजे ना तुम्हाला? मग अंधार सोसा जरा. आणि मध्ये मध्ये "काका, हे खरं का?" असं कोणी विचारलं, तर मी उठून आत जाऊन झोपेन, आधीच सांगून ठेवतो. खरं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून बसतो आणि रोज सकाळी माझ्याकडून चहा उकळतो.

तो म्हणजे गॅरेजवाला. टॅपेट मिस्त्री. हसताय काय? गाडीच्या इंजिनात वॉल्व्ह असतात, आणि त्या वॉल्व्हला दाबणारा तो टॅपेट. मधली फट वाढली की गाडी टकटक वाजायला लागते. ती फट बसवण्यात हा पटाईत, म्हणून नाव पडलं टॅपेट. आता खरं नाव फक्त त्याच्या आईला आठवतं, तेही रागावली की.

कान असा की विचारू नका. आम्ही बाहेर चहा पीत बसलेलो असायचो, वळणावरून एखादी मोटरसायकल यायची, अजून दिसलेलीसुद्धा नसायची, आणि हा म्हणायचा, "याची चेन ढिली आहे." आणि असायची. त्याच्याकडे एक लांब स्क्रूड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, दुसऱ्या कानात बोट घालायचा आणि डोळे मिटायचा. डॉक्टर नळी लावून छाती तपासतात ना, तसा. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग हा डोळे न उघडताच म्हणायचा, "हं. सापडला."

पण एक खोड होती त्याला. ती नीट ऐका, पुढे लागणार आहे.

टॅपेट थोडा सैलच ठेवावा लागतो. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, त्याला जागा लागते. म्हणजे थोडा आवाज असलाच पाहिजे. फार घट्ट कसला तर आवाज जातो खरा, पण वॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि आतल्या आत जळत राहतो. हे मिस्त्रीला ठाऊक नव्हतं का? माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण गिऱ्हाईकाला काय पाहिजे असतं? शांतता. म्हणून हा अंमळ जास्तच कसून द्यायचा. गाडी गॅरेजमधून अशी गप्प बाहेर पडायची की माणूस खूश होऊन चार जणांना सांगायचा. वर्षभरानं तीच गाडी धूर ओकत यायची, आणि नवीन वॉल्व्ह घ्यायला माणूस माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात. मी म्हणायचो, "अरे बाबा, थोडं वाजू दे की." तर म्हणायचा, "काका, आवाज घेऊन आलेला माणूस आवाज घेऊनच परत गेला, तर मिस्त्री कसला मी?"

तर एका दुपारी एक मुलगी स्कूटर घेऊन आली. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. म्हणाली, टकटक करतेय. हा बसला उकिडवा, लावला स्क्रूड्रायव्हर, "हं, सापडला." फट बसवली. स्कूटर गप्प. पण याची मान वर होईना. आवाज होताच. बारीक. टिक, टिक, टिक. परत उघडलं, परत बसवलं. तरी होताच. शेवटी वैतागून इंजिन बंद केलं. तरी टिक, टिक, टिक! मी दुकानातून बघत होतो, चेहरा असा झाला होता याचा, फोटो काढायला हवा होता.

ती हसायला लागली. म्हणाली, "तो स्कूटरचा नाही हो. माझा आहे."

"तुमचा म्हणजे?"

तिनं छातीवर बोट ठेवलं. लहानपणी सारखा घसा धरून ताप यायचा, त्यात हृदयाची झडप खराब झाली. मग ऑपरेशन करून धातूची बसवली. ती उघडमीट करताना वाजते. म्हणाली, "घरात सामसूम असली की ऐकू येते लोकांना. भर रस्त्यात ऐकणारे तुम्ही पहिलेच."

हा म्हणाला काय तर, "ऑइल-पाणी वेळेवर करता ना?"

झालं! जी स्कूटर वर्षानुवर्षं बिघडली नव्हती, ती दर आठवड्याला बिघडायला लागली. मी काय समजायचं ते समजलो.

लग्न झालं. पोरगी गुणी, बोलकी. सासूशी असं मेतकूट जमलं की मिस्त्री तक्रार करायचा, माझ्याच घरात मला कोणी विचारत नाही. सुरुवातीला त्या टिकटिकीचं केवढं कौतुक! मला सांगायचा, "काका, दिवा मालवला की तेवढंच ऐकू येतं. झोप अशी लागते ना." मग कौतुकाची थट्टा झाली. मित्रांत म्हणायचा, "घरी गेलं तरी आपला ओव्हरटाइम चालूच." तीही हसायची.

मग एक दिवस गॅरेजमध्ये काही मनासारखं झालं नाही. उकाडा मरणाचा. रात्री अंथरुणावर पडला आणि भडकून म्हणाला, "दिवसभर टकटक, रात्रीपण टकटक. जरा झोपू देशील की नाही?"

दुसऱ्या दिवशी तिनं एक छोटी उशी शिवली. निळ्या फुलांच्या कापडाची. त्या रात्रीपासून ती उशी छातीशी घट्ट धरून, भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली.

हे मला त्यानंच सांगितलं बरं का. म्हणाला, "काका, मला पहिल्याच रात्री कळलं होतं, ती उशी कशाला आहे ते. 'काढ ती' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. नाही म्हटले. कारण झोप छान लागायला लागली होती."

पुढे तिला दिवस गेले. गोष्ट सोपी नव्हती, आणि तिला ते ठाऊक होतं. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. म्हणाल्या, पोटात बाळ असलं की अंगातलं रक्त वाढतं, ते सगळं याच हृदयाला ढकलायचं आहे. त्यात धातूच्या झडपेवर रक्ताची गाठ बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं. ज्या गोळीनं ते ठेवतो, ती पहिल्या महिन्यांत बाळाच्या घडणीला वाईट. म्हणून गोळी बंद, सकाळ-संध्याकाळ पोटात इंजेक्शन. आणि दिवस वाढतील तसा डोस पुरतोय का ते बघायला रक्त तपासायचं, न चुकता. धोका तुलाही आहे, बाळालाही आहे. विचार करा.

मिस्त्रीची आई तर रडली. म्हणाली, "मला नातवंड नको गं, मला तू पाहिजेस." पण पोरीनं ठरवलं होतं. म्हणाली, "आई, मी नीट सांभाळीन. आणि हे आहेतच की लक्ष ठेवायला."

निघताना डॉक्टरीणबाई मिस्त्रीला म्हणाल्या, "दम लागला, पाय सुजले, रात्री आडवं होता येईना, तर लगेच आणा. आणि त्या झडपेच्या आवाजावर कान असू द्या. बदलला, तर रात्र असो की दिवस, थांबायचं नाही."

हा छाती फुगवून म्हणाला, "डॉक्टर, त्याची काळजी तुम्ही करूच नका. माझा धंदाच तो आहे."

बाईंना हायसं वाटलं असेल. कोणालाही वाटलं असतं.

पहिले महिने बरे गेले. इंजेक्शनं ती स्वतःच टोचून घ्यायची, ओठ आवळून. हा रोज रात्री उशी बाजूला करून कान लावायचा. टिक, टिक. ठीक. मग पोट दिसायला लागलं, आणि हळूहळू... आवाज कमी व्हायला लागला. रोज जरासा. याचा कान ना, याला तर तो केसाएवढा फरकही कळत होता. मला येऊन सांगायचा, काय खुशीत! "काका, काय झालंय माहीत नाही, पण सून तुमची एकदम स्मूथ झालीय. आवाज जवळजवळ गेलाच."

आता कपाळावर हात मारताय. बदलला तर आणा, म्हणाल्या होत्या बाई. याच्या हिशेबी तो बदललाच नव्हता. सुधारला होता. याच्या उभ्या आयुष्यात कोणी गाडी घेऊन येऊन "आवाज येत नाही" अशी तक्रार केलेली नव्हती.

तिला जिना चढताना धाप लागायची. खोकला यायचा. शेजारणी म्हणायच्या, या दिवसांत होतंच असं, आम्हालाही व्हायचं. रक्त तपासायचा दिवस आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, येता ना?" गॅरेजमध्ये गाड्यांची रांग लागली होती. यानं तिच्या छातीला कान लावला आणि म्हणाला, "अगं, मशीन बघ कसं मख्खन चाललंय. पुढच्या आठवड्यात जाऊ." आणि तिनं मान डोलावली. साऱ्या गावाचा त्या कानावर भरवसा होता, तिचा का नसावा?

पुढचा आठवडाही तसाच गेला.

आता रात्र सांगतो. या नोव्हेंबरात तीन वर्षं होतील. महिन्यातला शेवटचा शनिवार. साडेदहा वाजून गेले होते. जेवणं झाली होती, त्याची आई पलीकडच्या खोलीत झोपली होती. फोन आला. भाजीच्या टेम्पोचा ड्रायव्हर, ओळखीचा. खाणीच्या पुढे बेल्ट तुटून अडकला होता. भाजी सकाळी बाजारात पोचायला हवी, मिस्त्री, काहीही करून या.

हा निघाला. ती अंथरुणावर बसून होती. पाठीशी दोन उशा, पुढ्यात ती निळ्या फुलांची.

"अहो, आज नाही गेलात तर?"

"आत्ता येतो गं. बेल्ट तर घालायचाय."

"आज आडवंच होता येत नाही मला. छातीवर कोणी बसलंय असं वाटतंय."

याचा एक बूट पायात, एक हातात. तसाच वाकला. तिनंच उशी बाजूला केली. यानं कान लावला, डोळे मिटले.

"येतोय का आवाज?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही."

"मग मी बरी आहे ना?"

"ठणठणीत," म्हणाला, आणि दुसरा बूट घातला.

टेम्पो सापडला, बेल्ट बसला, ड्रायव्हर हात जोडून गेला. मोबाईलच्या उजेडात काम केलं होतं, त्यामुळे त्याची बॅटरी संपून तो बंद पडला. हा आपला मोटरसायकलवरून परत निघाला. खाणीचं वळण तुम्हाला माहीत आहे. एका अंगाला उभा कातळ, दुसऱ्या अंगाला मोकळं रान. घर नाही, दुकान नाही, कुत्रंसुद्धा नाही. थंडी पडलेली. तिथून गावाचे दिवे दिसतात.

वळणावर गाडी वाजायला लागली.

टिक. टिक. टिक.

याला लाज वाटली. स्वतःची गाडी, स्वतःच्या हातानं बसवलेली, आणि ही वाजतेय? कोणी ऐकलं तर काय म्हणेल! थांबला. पिशवीतून तो लांब स्क्रूड्रायव्हर काढला, चालू इंजिनावर टेकवला, मूठ कानाला लावली. इंजिन साफ होतं. कुठे काही नाही. मूठ कानापासून काढली... टिक, टिक, टिक.

इंजिन बंद केलं.

आवाज चालूच.

आता, तापलेलं इंजिन निवताना टिकटिक करतं, हे कोणीही सांगेल. तोही स्वतःशी हसला. पण निवणारं लोखंड कसं वाजतं? एकदा वाजेल, मग थांबेल, मग दोनदा. हे तसं नव्हतं. हे एकसारखं होतं. आणि... ओळखीचं होतं.

त्यानं परत टोक टेकवलं. मूठ कानाला. दुसऱ्या कानात बोट. डोळे मिटले.

टिक... टिक... टिक...

जवळून कोणीतरी विचारलं, "येतोय का आवाज?"

सवय रे. आयुष्यभराची सवय. गिऱ्हाईक जवळ उभं असतं, विचारतं, आपण डोळे न उघडता उत्तर देतो. तो म्हणाला, "येतोय."

"आता?"

"येतोय... पण कमी झालाय."

"आता?"

आवाज दबला होता. वर काहीतरी मऊ ठेवल्यासारखा. तो म्हणाला, "आणखी कमी."

वारा नव्हता. टिक... आणि मग मोठी फट. टिक... आणि त्याहून मोठी.

"आता?"

त्यानं ऐकलं. नीट ऐकलं. काहीच नव्हतं. आणि बघा, सवय माणसाची... त्याला बरं वाटलं. त्यानं मान हलवली.

"नाही. गेला आवाज. एकदम स्मूथ."

...

...

"मग मी बरी झाले ना, अहो?"

त्यानं डोळे उघडले.

कोणी नव्हतं.

रस्ता. कातळ. रान. गावाचे दिवे.

हातातला स्क्रूड्रायव्हर कुठे पडला, कळलं नाही. त्यानं किक मारली. गाडी सुरू झाली. पण... ऐकू आली नाही. दिवा लागला होता, हँडल थरथरत होतं, रस्ता मागे पळत होता. आवाज नाही. इंजिनाचा नाही. वाऱ्याचा नाही. तो ओरडला. तिच्या नावानं ओरडला, घसा फाटेस्तोवर. त्याची हाक त्याच्याच कानाला पोचली नाही.

असा आला तो गावात. घराच्या दारात गाडी टाकली, तेव्हा एकदम कान उघडले. पहिला आवाज आला तो आईच्या रडण्याचा.

ती तशीच बसून होती. उशा पाठीशी. ओठ निळे पडलेले. छातीतून घरघर. डोळे उघडे होते, दाराकडे. त्याची आई खोकला ऐकून उठली होती, मुलाला फोन लावत होती, शेजाऱ्यांना हाका मारत होती. दोन पावलांवरच्या गॅरेजमध्ये एका गिऱ्हाईकाची मोटार दुरुस्तीला आलेली होती. यानं बायकोला उचललं, मागे आईच्या मांडीवर ठेवलं आणि गाडी हाणली. ती निळी उशी तिच्या हातात होती, ती सुटेना, म्हणून तीही आली.

गाडी चालवता चालवता हा ओरडत होता, "आई, कान लाव गं तिच्या छातीला. येतोय का आवाज? येतोय का?"

म्हातारीनं कान लावला. मग म्हणाली, "नाही रे बाळा."

हॉस्पिटलमध्ये धावाधाव झाली. पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. दिवस भरायचे होते, एवढीशी, मुठीत मावेल अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ती जगली. आई... पहाटेच्या आधी गेली.

उजाडताना डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. बाकावर त्याच्या शेजारी बसल्या आणि विचारलं, "आवाज बदलला कधी?"

"कमी होत होता... महिनाभर झाला."

"मग आणलं का नाहीत?"

"मला वाटलं... सुधारतेय."

बाई म्हणाल्या, "ती झडप उघडते-मिटते म्हणून वाजते हो. गाठ बसली की दबते. शांत झाली म्हणजे अडकली. मी तुम्हाला फोडून सांगायला हवं होतं. तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात... मला वाटलं, तुम्हाला कळलं."

"मला कळत होतं, डॉक्टर," हा म्हणाला. "फार कसला की आवाज जातो आणि वॉल्व्ह जळतो. धंद्यात पहिलं तेच शिकवलं होतं मला. मला कळत होतं."

काय रे? काय म्हणालास?

हं. विचारलंसच शेवटी. "काका, रस्त्यावर विचारणारी ती होती, तर तेव्हा ती जिवंत होती ना, मग भूत कसलं?" शहाणा आहेस. मीही त्याला हेच विचारलं होतं. तेव्हा हातातला चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "भूत असतं तर बरं झालं असतं, काका. भूत निदान सूड उगवतं, मानगुटीवर बसतं. ती विचारत होती हो. अजूनही माझ्यावर भरवसा ठेवून विचारत होती. आणि मी तिथेही तेच उत्तर दिलं." मग रडला. चाळिशीचा बाप्या माणूस, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, हातातल्या ग्रीसच्या फडक्यात तोंड खुपसून रडला.

तेव्हापासून त्याच्या गॅरेजमधून गप्प गाडी बाहेर पडत नाही. तुम्ही सगळे त्याला हसता ना, टॅपेटच्या गाड्या लांबून ओळखू येतात म्हणून? त्याचं कारण हे आहे. गिऱ्हाईक भांडतं, दुसरीकडे जातं. हा म्हणतो, "जा. पण वाजू दे तिला."

एवढ्यावर संपलं असतं, तर मीही म्हटलं असतं, थंडी होती, थकलेला होता, मनात कुठेतरी चोर बसलेला होता, झाला भास. पण उशी राहिली ना.

पोरीला घरी आणलं, तर ती झोपेना. रात्र रात्र रडायची. आजीनं अंगाई म्हणून पाहिली, खांद्यावर घेऊन येरझारा घालून पाहिल्या. शेवटी काही सुचेना म्हणून ती निळ्या फुलांची उशी कपाटातून काढली आणि पोरीच्या कानाशी ठेवली. पोर रडता रडता थांबली. जशी कोणी हाक मारावी तशी. आणि झोपली. आजीला बरं वाटलं, तिनंही दमून त्याच उशीला डोकं टेकलं... आणि ताडकन उठून बसली.

टिक. टिक. टिक.

तिनं मुलाला उठवलं. तो आला, कान लावला. म्हणाला, "आई, काही नाहीये." तिनं परत लावला. होता! सकाळी शेजारीण आली, तिनं ऐकला. आजीनं भीतभीत उशी उसवली. आत कापूस. सगळा कापूस पिंजून पाहिला. कापूसच. परत भरली, शिवली. परत टिक, टिक. पोरीचंच हृदय वाजत असेल म्हणून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय अगदी धडधाकट. पोरीशिवाय नुसती उशी ठेवली तरी ती वाजते.

ज्यानं ज्यानं कान लावला, त्याला आवाज आला. नाही येत तो एकट्या त्याला. वळणाआडच्या गाडीची चेन ऐकणारा माणूस! रोज रात्री पोर झोपली की हळूच वाकतो, डोळे मिटतो, ऐकत बसतो. म्हातारी दारातून बघते आणि पदर तोंडात धरून आत जाते.

गेल्या रविवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो होतो. सहज. पोर आता चुरुचुरु बोलते. ती उशी पोटाशी घेऊन बसली होती, झोपायची वेळ झाली होती. हा शेजारी बसला होता. तिनं उशी उचलून त्याच्या कानाला लावली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

"बाबा, येतोय का आवाज?"

मी बघत होतो. वाटलं, पोरीचं मन राखायला तरी म्हणेल येतोय म्हणून. कोणीही म्हटलं असतं. त्यानं डोळे मिटले. खूप वेळ ऐकलं.

"नाही गं," म्हणाला. "मला नाही येत."

"नीट ऐका ना, बाबा."

तो परत ऐकायला लागला.

मी उंबऱ्यावर उभा होतो, चपला अजून पायातच होत्या. खोलीच्या या टोकाला.

मला तिथपर्यंत येत होता.